खरीफच्या धुक्यात

मस्कतमधला जुलै घरात बसून काढायचा असतो. अल खौदच्या आमच्या गल्लीत दुपारी मांजरंसुद्धा गाड्यांखालून बाहेर येत नाहीत, आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की रात्रीची आंघोळही सांभाळून करावी लागते. अशा दिवसांत इथली माणसं गाडी काढतात आणि वाळवंट ओलांडून दक्षिणेला सलालाहला जातात. तिथे तेव्हा खरीफ असतो. आपल्याकडे खरीफ म्हटलं की ज्वारी आणि सोयाबीन आठवतं. इथे तो शब्द धुक्याचा आहे. समुद्रावरून ढग येतात, सलालाहच्या मागच्या डोंगरांवर बसतात आणि उन्हाळा सरेपर्यंत तिथून हलत नाहीत. दिवसभर भुरभुर चालू असते आणि एरवी उघडेबोडके असणारे डोंगर हिरवेगार होतात.

त्या उन्हाळ्यात आमच्या मुलीची बारावी झाली होती आणि सप्टेंबरमध्ये ती शिकायला युरोपात जाणार होती. जाण्याआधी तिला एकदा खरीफमध्ये डोंगरावर सायकल चालवायची होती. हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी पहाटे युनिव्हर्सिटीच्या बाजूच्या रस्त्यांवर एक ग्रुप सायकली चालवतो, त्यात ती नेहमी जायची. तिच्या नादाने मीही पुन्हा सायकल धरली होती. सांगलीत मी कॉलेजला सायकलनेच जायचे, पण लग्नानंतर ती सुटली ती सुटलीच. आता पन्नाशीला आल्यावर हेल्मेट घालून, चष्म्याला दोरी लावून मी लेकीच्या मागे पॅडल मारत होते.

मी घाबरट आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. लिफ्ट थांबली, फोन उचलला नाही, विमानाला उशीर झाला, की मी वाईटच काहीतरी झालंय असं धरून चालते. नवरा त्यावरून चेष्टा करतो. मुलगी चेष्टा करत नाही, ती नुसतं म्हणते, "आई, चिल ना."

त्या सकाळी नवऱ्याने आम्हाला डोंगराच्या पठारावर सोडलं. गाडीच्या मागे लावलेल्या सायकली त्याने उतरवल्या, टायर दाबून पाहिले. तिथून एक मातीचा गाडीरस्ता पठारावरून पुढे जात होता आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा डांबरी सडकेला मिळत होता. तो सडकेने वळसा घालून तिथे येणार होता. आदल्या दिवशी आम्ही तिघं त्याच रस्त्याने थोडं चालून आलो होतो. सपाट होता, दोन्ही बाजूंना गुडघाभर गवत, त्यात गाई चरत होत्या. घाबरण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

"समुद्राच्या बाजूला कडा आहे हं," नवरा म्हणाला. "रस्ता सोडू नका."

"बाबा, रस्ता कशाला सोडू?" ती म्हणाली आणि निघालीसुद्धा.

सुरुवातीला धुकं विरळ होतं. पुढे दगड, झाडं, वळणं दिसत होती. हवा गार होती, अंगावर बारीक थेंब येत होते, ओल्या शेणाचा वास येत होता. मला खरंच बरं वाटत होतं. मग एका चढानंतर सगळं पांढरं झालं. हळूहळू झालं असेल, पण मला तरी ते एकदम झाल्यासारखं वाटलं. माझ्या सायकलचं पुढचं चाक मला दिसत होतं आणि तिच्या सायकलचा मागचा लाल दिवा दिसत होता, लुकलुकणारा. बाकी काही नाही.

"थांबूया का गं?" मी ओरडले.

"कशाला? लाइट दिसतोय ना माझा? फॉलो मी."

मी त्या दिव्यामागे जात राहिले. चष्मा सारखा ओला होत होता, पुसायला एक हात सोडायची हिंमत होत नव्हती. तेवढ्यात उजवीकडून काहीतरी मोठं हललं आणि माझ्यासमोर एक उंट उभा राहिला. त्याच्या मागे दुसरा, तिसरा. ओले, गडद रंगाचे, घाई नसलेले. मी ब्रेक दाबला आणि पाय टेकले. उंट अंगावर येत नाहीत हे मला माहीत होतं, पण इतक्या जवळून त्यांचे गुडघे माझ्या कमरेपाशी होते आणि श्वासाचा आवाज येत होता. ते रस्ता ओलांडून गेले तेव्हा लाल दिवा दिसेनासा झाला होता.

मी तिला हाक मारली, मग पुन्हा मारली. धुक्यात आवाज लांब जात नाही. आपल्याच तोंडापाशी तो विरतो. ती पुढे थांबली असेल, मी आले नाही हे तिच्या लक्षात आलं असेल, असं म्हणत मी सायकल हातात धरून चालायला लागले. चालता चालता बघते तर रस्त्याला फाटा. आदल्या दिवशी आम्ही इथवर आलोच नव्हतो. वाकून पाहिलं, तर डावीकडच्या चिखलात टायरची ताजी नक्षी होती. समुद्र डावीकडे होता.

तो फाटा थोडा पुढे जाऊन गवतात संपला. आणि तिथे गवतात तिची सायकल आडवी पडलेली दिसली. मागचा दिवा चालूच होता.

ती नव्हती.

त्या क्षणाबद्दल मला नीट सांगता येत नाही. मी तिच्या नावाने हाक मारत पुढे धावले असते आणि तिच्यामागोमाग मीही गेले असते. पण खालून आवाज आला.

"आई! थांब! येऊ नकोस पुढे!"

आवाज माझ्या पायाखालून आल्यासारखा होता.

"कुठे आहेस तू?"

"खाली. मी पडली. गवत खूप स्लिपरी आहे. तू बस. आधी खाली बस!"

मी मटकन बसले. मग पोटावर झोपून हाताने गवत चाचपत इंच इंच पुढे सरकले. माझ्या हातापाशी जमीन उतरत होती, चिखल आणि लव्हाळ्यासारखं गवत. त्याखाली धुकं. जरा वेळाने त्यात तिचं निळं जॅकेट दिसलं. ती उतारावर, एका वाकड्या झाडाच्या बुंध्याला दोन्ही हातांनी मिठी मारून पालथी पडली होती. एक पाय विचित्र वळला होता.

"लागलंय का?"

"पायाचा अँकल गेला बहुतेक. आई, माझ्या खाली काय आहे ते दिसत नाही."

"बघू नकोस."

"मी एक दगड ढकलला." ती जरा थांबली. "त्याचा आवाज आला नाही."

उंट मध्ये आल्यावर मी मागे राहिले, हे तिला पुढे गेल्यावर कळलं होतं. फाट्यावर आपण चुकलो असं वाटून ती सायकल वळवायला गेली, चाक घसरलं आणि सायकलने तिला उतारावर फेकलं. हे तिने मला तेव्हाच सांगितलं, अगदी शांत आवाजात. तो शांतपणाच मला जास्त भयंकर वाटला. एरवी ती चप्पल तुटली तरी घर डोक्यावर घेते.

फोन काढला. सिग्नलची एक काडी येत होती, जात होती. नवऱ्याला लावला. "हॅलो, कुठवर आलात?" एवढं ऐकू आलं. मी म्हटलं, "ती कड्यावर अडकलीय, लवकर ये," आणि पलीकडे काही नाही. त्याला काय ऐकू गेलं कोण जाणे. जागा पाठवली, तर ती पाठवली जातेय, जातेय असंच दिसत राहिलं. मग पोलिसांना लावला. तो लागला. माणूस इंग्रजीत बोलत होता, सौम्य होता. त्याने विचारलं, मॅडम, तुम्ही कुठे आहात? मी म्हटलं, डोंगरावर, धुक्यात. त्याने विचारलं, कोणता डोंगर? मी आदल्या दिवशी पाहिलेल्या गावाचं नाव सांगत असतानाच फोन कटला. नंतर लागलाच नाही.

माझ्याकडे सायकलची एक जादा ट्यूब होती आणि अंगातला रेनकोट होता. दोन्हींची गाठ मारली आणि खाली सोडलं. तिच्या हातापासून ते बरंच वर राहिलं. अजून थोडं पुढे सरकावं म्हणून मी कोपरांवर जोर दिला आणि माझं सगळं शरीर एकदम खाली सरकलं. थोडीच सरकले असेन. गवताचा एक झुबका मुठीत आला आणि मी थांबले. तोंड चिखलात होतं. खाली ती किंचाळली. पहिल्यांदाच किंचाळली.

"आई, नको! प्लीज, नको ना!"

मी गुडघे रोवत कशीबशी मागे आले. आता समजलं होतं की माझ्याच्याने हे होणार नाही. आणि तिला सोडून मदत आणायला जायचं, तर ह्या धुक्यात परत हीच जागा मला सापडेल का? मी जागची हलले नाही. तिला मी दिसत नव्हते, म्हणून बोलत राहिले. ती थरथरायला लागली होती. दातावर दात आपटल्याचा आवाज वर येत होता. तिचे हात सुटतील, ती पेंगेल, या भीतीने मी काहीही विचारत होते.

"हॉस्टेलवर काय करून खाणारेस?"

"आई, आत्ता?"

"हो, आत्ता. साबुदाण्याची खिचडी कशी करतात सांग."

"साबुदाणा... धुवायचा. मग पाणी ठेवायचं."

"किती?"

"म्हणजे... थोडं. तो बुडतो एवढं."

"जेमतेम बुडेल एवढं. मग?"

"मग रात्रभर. मग दाण्याचा कूट. आई, माझे हात दुखतात."

"मिरची कधी घालायची?"

"जिऱ्यानंतर." ती रडत होती. "तू पण थंडीने मरशील. तुझं जॅकेट कुठंय?"

एरवी तिचं 'मी पडली' ऐकलं की मी 'पडले म्हण' असं टोकते. तेव्हा तिचा प्रत्येक शब्द मला कानात साठवून ठेवावासा वाटत होता. हे शेवटचे तर नसतील, असा विचार मनात आला आणि मी तो मोठ्याने बोलून हाकलला. म्हटलं, "बटाटा विसरलीस."

मग लांबून हॉर्न ऐकू आला.

कुणीतरी थांबून थांबून हॉर्न वाजवत मातीच्या रस्त्याने येत होतं. मला वाटलं, नवराच. फोनवर 'कड्यावर' एवढं ऐकून तो गाडी घेऊन आत शिरला असणार. पहिल्यांदा हायसं वाटलं आणि लगेच अंगावर काटा आला. हा फाटा संपतो कुठे ते त्याला माहीत नव्हतं. घाबरलेला माणूस जोरात गाडी हाकतो. तो गवतावरून तसाच पुढे आला असता तर?

"बाबा आला वाटतं," मी तिला म्हटलं. "मला जाऊन त्याला थांबवायला हवं. मी लगेच येते."

खालून नुसता दातांचा आवाज येत होता.

"ऐकलंस का?"

"जा," ती म्हणाली. "पण बोलत जा. म्हणजे ऐकू येईल तोपर्यंत."

तिथून उठणं हे मी आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम. माझी सायकल मी बरोबर त्या जागेच्या वर उभी केली, पुढचा दिवा लावून ठेवला. तिच्या सायकलचा लाल दिवा उपटून हातात घेतला आणि "येते गं, येते गं" असं ओरडत फाट्याने पळत सुटले. तिचं "हो" दोनदा ऐकू आलं, मग आलं नाही.

धुक्यातून दोन पिवळे डाग वाढत आले. मी मधोमध उभी राहून लाल दिवा हलवत होते. गाडी थांबली. ती आमची नव्हती, पिकअप होता. आतून एक माणूस उतरला, लुंगी नेसलेला, डोक्याला रुमाल गुंडाळलेला, माझ्याच वयाचा. पुढे कळलं की तो डोंगरावरच्याच एका कुटुंबातला, खाली सलालाहला बँकेत नोकरीला. सुट्टीच्या दिवशी घरच्या उंटांकडे बघायला येतो. एक उंटीण कळपातून चुकली होती. हॉर्न ऐकला की ती चाऱ्याच्या आशेने येते, म्हणून तो वाजवत फिरत होता.

माझं सगळं अरबी बाजारातलं. "बिन्ती," मी म्हटलं, माझी मुलगी, आणि हाताने खाली दाखवलं. "तहत. तहत!"

त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की त्याला ती जागा माहीत आहे. तोही घाबरला होता, ते त्याने लपवलं नाही. काहीतरी पुटपुटला आणि इंग्रजीत म्हणाला, "सिस्टर, ती बोलतेय का?"

"हो. आत्तापर्यंत बोलत होती."

"यल्ला, चला."

तो पिकअप चालवत आणि मी पुढे दिवा घेऊन चालत, असे आम्ही फाट्यावरून आत गेलो. सायकलचा दिवा दिसला तिथे मी त्याला बरंच अलीकडे थांबवलं. हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली.

"आई," आवाज आला. बारीक, झोपेतल्यासारखा. "किती वेळ लावलास."

त्याच्या गाडीत उंट बांधायचा जाड दोर होता. एक टोक त्याने गाडीच्या हुकाला बांधलं, दुसऱ्या टोकाला फास केला आणि पोटावर झोपून खाली सोडला. दोर तिच्या खांद्यापाशी आला. आता तिला एक हात सोडायचा होता.

"मला जमणार नाही," ती म्हणाली.

"जमेल."

"आई, हात उघडतच नाहीये."

खरंच उघडत नसणार. इतका वेळ ती त्या झाडाला चिकटून होती. तो माणूस मला हळूच म्हणाला, शुवै शुवै, घाई नको. मी तिला एकेक बोट सुटं करायला सांगितलं. करंगळी. आता तिच्या शेजारचं. मी वरून सांगत होते आणि प्रत्येक बोटाला मला वाटत होतं की आता जाते, आता जाते. हात सुटला, ती थोडी घसरली, तिने फास पकडला आणि डोक्यातून काखेत ओढला. मग दुसरा हात. आम्ही दोघांनी दोर ओढायला घेतला. गाडीने नको, झटका बसेल, असं तो म्हणाला. माझ्या तळव्यांची कातडी गेली ते मला संध्याकाळी कळलं.

ती वर आली तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखलेली होती. मला वाटलं होतं मी तिला घट्ट मिठी मारीन. प्रत्यक्षात मी तिच्या बुटाची सुटलेली नाडी धरून म्हणाले, "ही अशी ठेवतात का?" आणि नाडी बांधायला लागले. बांधता येईना. तो माणूस तोंड फिरवून गाडीशी जाऊन उभा राहिला. परत आला तो थर्मासमधला कडक गोड चहा घेऊन.

मी पाठवलेली जागा मधेच कधीतरी नवऱ्याला पोचली होती. तो गाडी सडकेवर ठेवून धावत आला, धापा टाकत, एका पायात चप्पल नाही. मागोमाग त्याने बोलावलेले पोलीसही आले. स्ट्रेचरवर घेताना मुलगी त्या माणसाला म्हणाली, शुक्रन, अंकल. तो म्हणाला, अल्हमदुलिल्लाह, आणि मग माझ्याकडे बघून, "खलास, सिस्टर. खलास." म्हणजे झालं, संपलं आता. मी त्याला विचारलं, खाली किती खोल आहे? त्याने मान हलवली आणि तो दोर गुंडाळायला लागला. त्याला अजून त्याची उंटीण शोधायची होती.

घोट्याचं हाड मोडलं होतं. सलालाहच्या हॉस्पिटलमध्ये प्लास्टर घातलं आणि दोन दिवसांनी आम्ही परत निघालो. मुलगी मागच्या सीटवर पाय लांब करून झोपली होती. डोंगर उतरून वाळवंट लागलं, धुकं मागे पडलं, ऊन इतकं लख्ख की डोळे दुखायला लागले. इतक्या लांबवरचं सगळं दिसतंय याचंच मला अप्रूप वाटत होतं. नवरा गाडी चालवत होता. या सगळ्यात तो घाबरल्याचं एकदाही बोलला नव्हता. डॉक्टरांशी तोच बोलला, युरोपातल्या कॉलेजला त्यानेच कळवलं, मला वेळेवर जेवायला लावलं.

अर्ध्या वाटेवर एका पेट्रोल पंपाशी त्याने गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. मला वाटलं पेट्रोल भरायचंय. तो खाली उतरेना. गाडी बंद होती तरी त्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ठेवलं होतं.

"काय झालं रे?"

"काही नाही." मग म्हणाला, "मी त्या टोकाला गाडीत बसून गाणी ऐकत होतो. तू फोनवर काय म्हणालीस ते मला कळलंच नाही. मला वाटलं, पोचतोय म्हणतेयस."

मागे ती झोपेत कण्हली. दोघांनीही एकदम वळून पाहिलं. ती कूस बदलून पुन्हा झोपली.

मी खाली उतरले, त्याच्या बाजूचं दार उघडलं आणि त्याला म्हटलं, "सरक."

हायवेवर मी फारशी गाडी चालवत नाही. समोरून ट्रक आला की मला घाम फुटतो, आणि त्या दिवशीही फुटला. तो बाजूच्या सीटवर बसून रस्त्याकडे बघत राहिला. ट्रक येत होते, जात होते, आणि प्रत्येक ट्रकला मी स्टिअरिंग आणखी घट्ट धरत होते.